मिरचीच्या पानांवरचे डाग

मी वनस्पतींच्या रोगांवर काम करते हे कळलं की पुण्यात कुणाच्याही घरी चहाच्या आधी गॅलरीतलं एखादं मरतुकडं झाड माझ्यासमोर येतं. "ह्याच्यावर काय मारायचं?" मी सांगते की औषध मारणं हे माझं काम नाही, औषधाशिवाय झाड स्वतः काय करतं ते बघणं हे माझं काम आहे. समोरचा माणूस "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि पुन्हा विचारतो, "पण मारायचं काय?" नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत तर मी आता सरळ कंटाळून "कडुलिंबाचं तेल" म्हणते आणि जिना उतरते.

कंटाळा लोकांचा नाही येत. येतो तो याचा, की झाड लढतं हे कुणाला दिसतच नाही. झाड पळत नाही, ओरडत नाही, त्याला ताप येत नाही. आपल्या अंगात रोगजंतूंच्या मागे धावणाऱ्या पेशी असतात, झाडाकडे तसं काहीच नाही. तिथे प्रत्येक पेशी आपल्या जागी भिंतीत चिणलेली, आणि जे करायचं ते तिलाच करायचं असतं. म्हणून ती एक भयंकर गोष्ट करते. विषाणू आत शिरलाय हे ओळखलं की ती स्वतः मरते आणि आजूबाजूच्या चारजणींनाही मारते. विषाणूला जगायला जिवंत पेशी लागते. ती मिळाली नाही की तो तिथेच अडकतो. पानावर आपल्याला दिसतो तो फक्त एक बारीक, तपकिरी, वाळका डाग. बघणारा म्हणतो, झाडाला रोग झाला. खरं तर झाड जिंकलेलं असतं.

मिरचीचा एक वाण घेऊन मी चार वर्षं याच डागांच्या मागे होते. पानांवर फिकट-गडद हिरवे पट्टे उठवणारा एक विषाणू आहे. तो मिरचीत शिरला की झाड खुरटतं आणि मिरच्या वेड्यावाकड्या होतात. परसातल्या एका बुटक्या, कुरूप मिरचीत मला त्याला अडवण्याची ताकद दिसली होती. ती चांगल्या मिरचीत आणायला चार वर्षं गेली. आता शेवटची चाचणी होती. कॉलेजच्या जाळीघरात एकशे वीस झाडं लावलेली, प्रत्येकाच्या दोन पानांवर विषाणू चोळायचा, पाचव्या दिवशी डाग मोजायचे आणि शुक्रवारी येणाऱ्या समितीपुढे तो आकडा ठेवायचा. आकडा असेल तर वाण शेतकऱ्यांच्या शेतात चाचणीला जाणार. नसेल तर प्रकल्प मार्चमध्ये बंद आणि बियाणं शीतगृहात एका पाकिटात. पाकिटात गेलेलं बियाणं पुन्हा बाहेर आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

जाळीघरात माझ्याबरोबर एक मावशी होत्या, लोणी काळभोरहून रोज बसने यायच्या. आठ वर्षं हंगामी कामगार, म्हणजे दर हंगामाला नव्याने नेमणूक. रोपं लावणं, पाणी, साफसफाई, सगळं त्यांच्याकडे. तंबाखूतून हा विषाणू हातावर येतो आणि हातातून मिरचीवर जातो. म्हणून मी पहिल्याच वर्षी त्यांना मिश्री लावून आत यायला मनाई केली होती. दुसऱ्या जाळीघरातल्या बायका विषाणू निकामी व्हावा म्हणून दुधात हात बुडवून, साबणाने धुवून आत जायच्या, तेवढ्यानेही चालायचं. या मावशींनी मिश्रीच सोडली. "कशाला रोज दूध नासायचं," म्हणाल्या. एवढ्या शिस्तीच्या बाईला मी कधी दोनदा काही सांगितलं नाही, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ बहुधा तेच आहे.

सोमवारी मी विषाणू चोळला. बारीक खरखरीत पूड भुरभुरवायची, रोगट पानाचा रस बोटावर घ्यायचा आणि पानावरून हलकेच बोट फिरवायचं. जोरात फिरवलं तर पान फाटतं, हलकं पडलं तर विषाणू आत जातच नाही. एकशे वीस झाडं, दोनशे चाळीस पानं. संध्याकाळी पाठ धरली होती. बुधवारी दुपारी डाग उठू लागले. माझ्या वाणावर, आणि फक्त माझ्याच वाणावर. तुलनेसाठी लावलेल्या, रोगाला सहज बळी पडणाऱ्या झाडांची पानं मात्र अजून हिरवीगार दिसत होती. त्यांना काही कळलंच नव्हतं आणि विषाणू आत शांतपणे पसरत होता. मी आनंदाने एका पानाचा मोबाइलवर फोटो काढला. दोनशे चाळीसमधल्या एकाच पानाचा. दुसऱ्या दिवशी मला दिवसभर परीक्षेच्या पर्यवेक्षणाला बसवलं गेलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

शुक्रवारी सकाळी साडेआठला जाळीघराचं दार उघडलं. आत इतकं स्वच्छ होतं की मला आधी बरं वाटलं. जमीन झाडलेली, नळ्या गुंडाळलेल्या. मग झाडांकडे पाहिलं. एकाही झाडावर एकही डाग नव्हता. डाग पडलेली सगळी पानं देठासकट खुडलेली होती.

"सरांनी सांगितलं," मावशी म्हणाल्या. "समिती येनार हाय, रोगट पानं दिसाय नकोत म्हनले. समदी काढली. एक ठेवलं न्हाई."

पानं कुठे आहेत, हे विचारताना माझा आवाज चढला होता.

"खड्ड्यात. चुना टाकून पुरली. तुम्हीच सांगितलं व्हतं की, रोगट पान बाहेर टाकायचं न्हाई."

मी सांगितलं होतं. दुसऱ्या जाळीघरातल्या, खरोखर रोगट टोमॅटोबद्दल. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षं झाली तरी एवढं कळत नाही का, चार वर्षांचं काम मातीत घातलंत, असलं बरंच काही मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्याडम, डाग बरा असतोय हे आम्हाला कुनी सांगितलं? तुम्ही मोजता एवढं ठावं. कशापायी मोजता, ते कवा बोलला न्हाई." मी आणखीच चिडले.

कुणाला वाटेल, दुसरी पानं चोळायची आणि पुन्हा मोजायचं. तिथेच तर मेख आहे. एकदा हल्ला झाला की झाड बाकीच्या पानांना खबर पोहोचवतं. अ‍ॅस्पिरिनच्या जवळचंच एक रसायन त्याच्या अंगात वाढतं, आणि न चोळलेली पानंसुद्धा सावध होतात. त्यांच्यावर पुन्हा विषाणू चोळला तर डाग थोडे आणि छोटे येतात. तो आकडा खोटा नसतो, पण समिती तो धरत नाही आणि त्यांचं बरोबरच आहे. नवी रोपं हवीत, म्हणजे दोन-अडीच महिने हवेत. पान खुडलेल्या झाडावरून तर काहीच सांगता येत नाही. त्याने रोग अडवला की त्याला तो लागलाच नव्हता, दोन्ही सारखंच दिसतं.

समिती अकराला आली. तिघेजण होते. जाळीघराची स्वच्छता पाहून त्यांनी सरांचं कौतुक केलं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, आयुष्य आंब्याच्या बागांत गेलेलं. आंब्यावर डाग म्हणजे डाग, त्यात वाद नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी बळी पडणाऱ्या झाडांच्या ओळीपाशी थांबून, "वा, ही ओळ छान तरारलीय," असं म्हटलं. मग त्यांनी नोंदवही मागितली. डागांच्या रकान्यात काहीच नव्हतं. "मग आम्ही पाहायचं काय?" ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर प्रश्न रास्त होता.

दुपारी मी सरांच्या खोलीत गेले. भांडायला गेले होते.

"अहो मॅडम, मला काय स्वप्न पडणार होतं? डाग म्हणजे शोभा असते हे दारावर पाटी लावून लिहायचं होतंत," सर म्हणाले. मग जरा नरमले. "एका हंगामाची मुदतवाढ मागू. मिळते. मानवी चुकीमुळे नोंदी गेल्या असं लिहावं लागतं. फक्त चूक कुणाची, ते विचारतात."

"सूचना तुमची होती, सर."

"मग माझं लिहा. मुदतवाढीच्या अर्जावर शिफारस माझीच लागते, तेवढं लक्षात ठेवा."

मी तासभर कोऱ्या कागदासमोर बसले. माझंही लिहिता आलं असतं. काय राखायचं ते मी सांगायला हवं होतं, ही चूक माझीच होती आणि ती लिहायला कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती. पण माझं नाव लिहिलं तर प्रकल्प माझ्याकडून काढून घेतील, दुसऱ्या कुणाला त्या बुटक्या मिरचीचं काय पडलंय, असं मी स्वतःला समजावलं. वाण महत्त्वाचा, असंही समजावलं. आणि मी लिहिलं : "हंगामी कामगाराच्या चुकीमुळे नोंदीयोग्य पाने नष्ट झाली." नाव लिहिलं नाही. नाव न लिहिण्यात आपण काही सभ्यपणा दाखवतोय असं मला तेव्हा वाटलं, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मुदतवाढ मिळाली. नवी रोपं लावली, पुन्हा सोमवारी चोळली, पाचव्या दिवशी मी एकटीने डाग मोजले. चांगले आले. वाण शेतातल्या चाचणीला गेला. मावशींची नेमणूक मात्र त्या हंगामात जाळीघरात झाली नाही. त्यांना मुख्य इमारतीसमोरची हिरवळ दिली होती, आणि तीही जूनपर्यंतच.

डाग मोजले त्या दिवशी मी एक पान हातात घेऊन हिरवळीवर गेले. त्या उकिडव्या बसून गवत उपटत होत्या. मी पान दाखवलं आणि अखेर सांगितलं, पेशी कशी मरते, कशासाठी मरते, बाकीचं झाड कसं वाचतं. त्यांनी पान उन्हाकडे धरून नीट पाहिलं. "म्हंजी एवढ्या जागेनं मरून झाड राखलं," म्हणाल्या. मी मान हलवली.

पान परत देत त्या म्हणाल्या, "हाफिसातला क्लार्क म्हनत व्हता, कागदावर माझं नाव हाय म्हनं."

"नाव नाही लिहिलं, मावशी," मी घाईने म्हणाले. "कामगार असं लिहिलंय."

"व्हय. पर जाळीघरात कामगार मी एकलीच की."

मी हो म्हणाले.