धूळबाई आणि सासऱ्यांच्या चादरी

गल्लीत तिला धूळबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. नाव पडलं तो दिवस ती विसरणं शक्यच नव्हतं.

ती हवामान कार्यालयात होती. उपग्रहांनी टिपलेली चित्रं रोज सकाळी संगणकावर उघडायची आणि धूर कुठं आहे, धूळ कुठून कुठं निघालीय ते बघायचं, हे तिचं वीस वर्षांचं काम. नुसत्या रंगावरून ती सांगायची: हा वणव्याचा धूर, ही वाळवंटातली धूळ, आणि हा साधा ढग, उगाच भाव खातोय.

त्या दिवशी वाळवंटाकडून एक लांबलचक तपकिरी पट्टा थेट शहराकडे निघालेला दिसला. तिनं इशारा लिहिला, साहेबांनी सही केली. शाळांना सुट्टी मिळाली, लोकांनी खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली. दुपारी आभाळ किंचित दुधाळ झालं आणि बस्स, एवढंच. धूळ आली होती, पण तीन किलोमीटर उंचीवरून परस्पर निघून गेली. तिच्या चित्रात सगळी धूळ एकावर एक दिसे. ती ढगाशी आहे की नाकाशी, हे त्यातून कळायचं नाही.

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या मुलीनं अदबीनं विचारलं, "मावशी, पुढची धूळ गुरुवारी आणता येईल का? गणिताची परीक्षा आहे."

घरात तर आणखीच पंचाईत. खाली त्यांची लाँड्री होती. ती सांभाळायचा नवरा, पण हुकूम चालायचा ऐंशीच्या सासऱ्यांचा. तिच्या सांगण्यावरून गच्चीवरच्या चाळीस ओल्या चादरी आत घेतल्या होत्या आणि सगळ्या कुबट झाल्या होत्या. सासऱ्यांनी दोन दिवस अबोला धरला. मीठ हवं असलं तरी "तिला सांग" म्हणून मुलाकडे बघायचे, आणि बिचारा नवरा एकाच टेबलावर टपाल पोचवायचा.

तिसऱ्या दिवशी ती गच्चीवर गेली, तर सासरे एका चादरीला नाक लावून उभे.

"काय करताय बाबा?"

"वाचतोय." राग आहे हे ते क्षणभर विसरले. "काल दुपारनंतर धूळ खाली उतरलीय. हे बघ, सकाळचं धुणं पांढरं, दुपारचं पिवळट. ओलं कापड धूळ धरून ठेवतं."

तिनं ऑफिसात जाऊन कालचं चित्र काढलं. दुपारी एक पातळ पट्टा खरंच शहरावर होता. ही धूळही वरूनच जाईल म्हणून तिनं तो सोडून दिला होता. जमिनीवरची धूळ मोजणारी तीन यंत्रं शहरात होती. दोन दुरुस्तीला गेलेली, तिसऱ्यात कबुतरानं संसार थाटलेला. मग विचारणार कुणाला?

घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, चुकलं माझं. आता मदत करा."

"सूनबाई, वरून बघणाऱ्याला डोकी दिसतात, पाय दिसत नाहीत," सासरे म्हणाले. हे वाक्य त्यांनी बहुधा दोन दिवस तयार ठेवलं होतं.

शहरातले सगळे लाँड्रीवाले त्यांच्या ओळखीचे होते. धुणं पिवळं पडलं की लगेच कळवा, असं त्यांनी एकेकाला सांगून ठेवलं. फक्त पश्चिमेच्या वेशीवरच्या लाँड्रीवाल्याशी कपड्यांना लावायच्या खळीवरून भांडण झालेलं, त्याला तीस वर्षं झाली होती. नेमकी धूळ त्याच बाजूनं यायची. सासऱ्यांनी फोन हातात घेतला, दोनदा खाली ठेवला, शेवटी लावलाच.

"मी बोलतोय. चादर कशी आहे?" पलीकडून बरंच काही ऐकू आलं. "तुझी तब्येत नाही विचारली रे बाबा. चादर विचारली."

पंधरा दिवसांनी तसाच तपकिरी पट्टा पुन्हा दिसला. साहेबांचा चेहरा पडला. "मॅडम, ढगाशी की नाकाशी?"

"थांबा साहेब, फोन येऊ दे."

साहेब थांबले. नऊ वाजता वेशीवरून निरोप आला, उशांचे अभ्रे पिवळे पडले. साडेनऊला त्याच्या अलीकडच्या लाँड्रीतून तेच. आता तिनं बेधडक इशारा दिला. गल्लीनं जरा नाकं मुरडली, पण मुलं घरात घेतली. अकरा वाजता समोरची इमारत दिसेनाशी झाली. सासऱ्यांनी चादरी केव्हाच आत घेतल्या होत्या, न सांगता.

मुख्य कार्यालयानं विचारलं, इशारा कशाच्या आधारे दिला? साहेबांनी बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं: उपग्रह-चित्र, तसेच पांढऱ्या ओल्या सुती पृष्ठभागांवरील प्रत्यक्ष निरीक्षण. उलट टपाली पत्र आलं: पद्धत स्तुत्य आहे, उपकरणाचं मॉडेल कळवावं.

तिनं जेवताना ते पत्र वाचून दाखवलं. सासऱ्यांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लिही, डबल बेड."