बंगळूर किती मुक्काम?

विमानानं मला बंगळूरहून पुण्याला दीड तासात आणून टाकलं. सातशेच्या वर किलोमीटर, आणि एवढ्यात माझी एक डुलकीसुद्धा धड झाली नाही. पुढे भोर, आणि भोरहून वेल्ह्यातलं पासली गाठायला मात्र अख्खी दुपार गेली. तक्रार नाही. वळणावळणांवर एसटी अशी झुलत होती, की आपण जागे आहोत की झोपेत हेच कळेना. खिडकीबाहेर खाचरांतलं (बांध घातलेल्या शेतांतलं) पिकलेलं भात आणि त्यावर धुरकट, सोनेरी ऊन. कुठं पोचायचंय याचा मला जवळजवळ विसरच पडला.

शेजारी सखूबाई होत्या. भोरला डोळे दाखवून पासलीच्या वरच्या धनगरवाड्यावर परत निघालेल्या. मी बंगळूरची म्हटल्यावर त्यांनी माझा हातच धरला. त्यांचा मुलगा तिथंच कंपनीत होता. आजची रात्र आमच्याकडं राहा, म्हणाल्या. घर 'हितंच' होतं, म्हणजे तासभर चढण. माझी चप्पल अर्ध्या वाटेत तुटली, उरलेली वाट मी अनवाणी चढले.

चुलीपाशी तांदळाची भाकरी, ठेचा आणि ताक. बाहेर डोंगर एकेक करून निळ्या धुक्यात विरघळत होते.

"बंगळूर किती मुक्काम गं, पोरी?" त्यांनी विचारलं.

मेंढरं घेऊन चालताना रात्री जिथं थांबायचं, तो मुक्काम. या घरात वाट अशीच मोजत आले होते. मुलानंही मोबाईलवर तेच सांगितलं होतं, लई मुक्काम पडत्यात, आये. म्हणून चार वर्षं तो आला नाही, आणि त्यांनीही कधी गळ घातली नाही.

मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "मुक्काम कसला, आजी? विमानानं दीड तास."

भाकरी थापणारा हात थांबला.

"दीड तास? मला भोरला जायाला याच्याहून जास्ती येळ लागतो."

आपण काय करून बसलो ते मला तेव्हा उमगलं. मग मी विमानतळावर आधी पोचावं लागतं, सुटी मिळत नाही, तिकीट महाग, असं काहीबाही सांगत सुटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

सकाळी त्यांनी मुलासाठी नाचणीच्या पिठाची पुरचुंडी बांधून दिली. उंबऱ्यात म्हणाल्या, "दीड तासाचं मला ठाव झालंय, त्याला सांगू नगं. खोटा पडंल बिचारा." नाही सांगणार, असा मी शब्द दिला.

परतीच्या विमानात मला झोप लागली नाही. खाली नुसते ढग होते.

बंगळूरला त्या मुलानं दारातच पुरचुंडी सोडली, वास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. "लांब पडतं हो," तो म्हणाला, "नाहीतर गेलो असतो."

"हो, लांबच आहे," मी म्हणाले. सखूबाईंना दिलेला शब्द मी पाळला, आणि त्याची मला अजून लाज वाटते.