मल्हारराव नीट वागू लागले तेव्हा

बसवनगुडीतल्या एका खासगी इस्पितळात, भाजलेल्यांच्या वॉर्डात, मथुरा सिस्टर बावीस वर्षं काम करत होती. या अनुभवाची कदर म्हणून इस्पितळाने तिला एक स्क्रीन दिला. जखमेतले जंतू रक्तात शिरून सगळं शरीर कोलमडू लागलं, म्हणजे सेप्सिस सुरू झालं, की ते हा स्क्रीन माणसाआधी ओळखणार होता.

तो बसवायला कोरमंगलाच्या कंपनीतून रणजीत आला. मूळचा पुण्याचा.

"टेम्परेचर, पल्स, सगळं लाइव्ह ट्रॅक होतं, मॅडम. तुम्ही फक्त स्क्रीन बघायचा."

"आणि पेशंट?"

रणजीतने यावर सौजन्याने स्मित केलं.

खूप भाजलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे ताप असतो, नाडी पळत असते. हे स्क्रीनला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी आठच्या आठ खाटा लाल झाल्या. आठवड्याने बैठक झाली आणि लाल होताच वाजणारा भोंगा बंद ठेवायचं एकमताने ठरलं. स्क्रीनचं कौतुक मात्र चालू राहिलं.

पाच नंबरच्या खाटेवर मल्हारराव होते. चकल्या तळायचा धंदा. कढई कलंडून चाळीस टक्के भाजलेले. नाकातल्या नळीने थेट पोटात जाणाऱ्या पेजेला मीठ कमी असतं, अशी त्यांची रोजची तक्रार.

दहाव्या दिवशी सकाळी ते एकदम शहाणे झाले. मथुराने पट्टी सोडली तरी नेहमीची शिवी नाही.

"सरी अक्का, तुम्ही म्हणाल तसं," एवढंच म्हणाले.

वॉर्ड खूश झाला. स्क्रीनही खूश होता. ताप उतरून पाच नंबर प्रथमच हिरवा झाला होता.

मथुरा तेवढी खाटेजवळून हलली नाही. चार वर्षांपूर्वी कमला नावाची मुलगी अशीच एका सकाळी गुणी झाली होती. तेव्हा मथुराही खूश झाली होती. संध्याकाळी तिची खाट रिकामी होती.

तिने मल्हाररावांच्या पायाला हात लावला. गार. पोट फुगलेलं, पेज जिरलेली नाही, लघवीच्या पिशवीत जेमतेम काही.

"अण्णा, आज वार कोणता?"

"कढईत बघा," ते नम्रपणे म्हणाले.

तिने डॉक्टर विद्याश्रींना फोन लावला.

"सिस्टर, माझ्या फोनवर ते हिरवे दिसतायत."

"फोनवर बरे आहेत, मॅडम. खाटेवर नाहीत. स्वल्प, जरा येऊन बघा."

विद्याश्री आल्या. पोट दाबून पाहिलं आणि पुढे एक शब्द वाद घातला नाही. रक्त तपासणीला गेलं, तासाच्या आत अँटिबायोटिक सुरू झालं. दुपारी रक्तदाब घसरला, तेव्हा सगळी तयारी होती. चार वाजता स्क्रीनने अत्यंत तत्परतेने पाच नंबर लाल केला.

तीन दिवस काही खरं नव्हतं. मथुरा ड्यूटी संपली तरी घुटमळायची. चौथ्या दिवशी मल्हाररावांनी वार बरोबर सांगितला. सातव्या आठवड्यात ते घरी गेले. 'आधुनिक यंत्रणेने वाचवला रुग्ण' असा फलक लिफ्टशेजारी लागला. फोटो स्क्रीनचा होता.

महिन्याने रणजीत एकटाच आला, जरा ओशाळलेला.

"मॅडम, तुम्हाला नेमकं कशावरून कळलं?"

तिने पोट, पाय, लघवी, बोलणं, सगळं सांगितलं. त्याने भराभर टाइप केलं.

"आणि ते नीट वागायला लागले होते," मथुरा म्हणाली.

"हे कसं मोजायचं?"

मथुराने तीन नंबरच्या वासंतीबाईंच्या खाटेजवळ स्टूल ओढलं. "आधी रोज येऊन बसा. माणूस एरवी कसा असतो ते कळू दे."

रणजीत बसला. वासंतीबाईंनी त्याला पहिल्यांदा पगार विचारला, मग लग्नाचं.