न आलेल्याचा वाटा

हिवाळ्यात तलावावर धुकं उतरलं की पलीकडची मातीची पाळ दिसेनाशी होते आणि जाळं ओढणारी माणसं नुसत्या आवाजावरून ओळखावी लागतात. सासरी आले तेव्हापासून मला ती वेळ फार आवडते. आपण जागे आहोत की अजून झोपेत, तेच कळत नाही. जाळं बाहेर आलं की काठावर मासळीचे वाटे पडतात. ओढायला आलेली जितकी घरं, तितके वाटे, आणि वर एक जास्तीचा. तो न आलेल्याचा. कोणी तापाने फणफणलेलं असतं, कोणाच्या घरी बाळंतीण असते. मग एका लेकराला वाट्यांकडे पाठ करून उभं करतात. मागून कोणीतरी एका वाट्यावर बोट ठेवून विचारतं, "हा कोणाचा?" लेकरू तोंडाला येईल ते घर सांगतं. त्यावर कोणी ब्र काढत नाही.

माझी धाकटी या कामात पटाईत. डोळे मिटून राणीच्या थाटात घरं सांगायची. तीच पोरगी चौथीत भागाकाराला अडली. एकही उत्तर बरोबर येईना. वर्गातली पोरं हसली, आणि एका सकाळी तिने दप्तर कोपऱ्यात भिरकावलं.

"मी ढ आहो. मी नाई जात शाळेत."

थोरली नुकतीच गडचिरोलीच्या वसतिगृहात गेलेली, घर आधीच खायला उठत होतं. त्यात हिने शाळा सोडली तर? मी तशी चिडकी बाई आहे, पण मार खाऊन गणित आलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. मोबाइलवर गणिताचे खेळ असतात म्हणे. आमच्याकडे रेंज पाळीवर चढल्याशिवाय येत नाही.

मग दुपारी सूपभर चिंचोके अंगणात ओतले. जुनं लुगडं पसरलं, तो तलाव. तिचा बाप जाळं दुरुस्त करत बसला होता, त्यालाही खेळात ओढला. मध्येच कोंबडी फिरून गेली, तिला आम्ही बगळा ठरवलं. ऊन उबदार होतं, लुगड्याच्या घड्या वाऱ्याने हलत होत्या, आणि खरंच पाण्यात बसल्यासारखं वाटत होतं. पोरगी किती दिवसांनी हसत होती.

"चोवीस मासे, तीन घरं. वाट," मी म्हटलं.

तिने भराभर वाटे लावले. "सहा-सहा!"

मी ओरडणारच होते. मग वाटे मोजले. चार होते.

"तीन घरं म्हणलं न मी तुले?"

"तीन आले. मंग न आलेल्याचा?" मीच खुळी असल्यासारखं तिने पाहिलं.

म्हणजे शाळेतल्या प्रत्येक गणितात ही एक घर वाढवत आली होती. पोरगी ढ नव्हती. तिने कोणाला उपाशी ठेवलं नव्हतं, एवढंच. मला तिचा फार अभिमान वाटला.

"पुस्तकातले सगळे आलेले असतात, बाई," मी म्हटलं. "तिथं घरी कोणी राहत नाई."

तिने जरा विचार केला, चिंचोके मिसळले आणि तीन वाटे लावले. आठ, आठ, आठ.

"बरोबर!" तिचा बाप केवढ्याने ओरडला. "जाशीन न आता शाळेत?"

"जाईन," ती म्हणाली, पण तिची नजर वाट्यांवरच होती. प्रत्येकावर बोट ठेवत ती पुटपुटली, "हा आईचा. हा बाबाचा. हा माहा." मग प्रत्येक वाट्यातून दोन-दोन चिंचोके उचलून तिने बाजूला चौथा वाटा लावला.

"ते पुस्तकातलं झालं. हे आपलं. आपण दोन-दोन देले तं ताईले बी सहा होते." आणि मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आई, तिथं वसतिगृहात ताईचा वाटा कोण ठेवते?"

तिच्या बापाने मान खाली घातली. मला थोरलीची अशी आठवण आली की मी तिथेच, चिंचोक्यांपुढे, रडायला लागले.