धुतलेलं लुगडं

"ओरडली का नाहीस?"

हवालदाराने माझ्या बहिणीला हे तिसऱ्यांदा विचारलं. मुद्दाम मोठ्याने. भर उन्हात, ठाण्याच्या आवारात. आम्ही महार, म्हणून पायरीखाली उभे. ओटीवर पान खात बसलेली माणसं हसली.

"आरडले," आक्का म्हणाली. "रानात कोन ऐकनार?"

आक्का विधवा. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आदल्या दिवशी ती सरपणाला गेली होती. तिथे खोताच्या पुतण्याने तिच्यावर जबरदस्ती केली. घरी आली तेव्हा रडली नाही. म्हणाली, "ठाण्यावर चल. तुला लिवाय-वाचाय येतं." अंगावरचं फाटलेलं, डागाळलेलं लुगडं तिने तसंच गाठोड्यात बांधलं. तीन कोस चालत आलो.

हवालदाराने काठीच्या टोकाने गाठोडं उलगडलं. नाकाला रुमाल लावला. मला म्हणाला, "ही घाण घेऊन ठाण्यात येता? जा, नदीवर धुऊन आण. मग फिर्याद घेतो."

मी म्हणालो, "जी साहेब."

मागल्याच साली मी चवदार तळ्यावर गेलो होतो. हजारोंच्या बरोबरीने ओंजळभर पाणी प्यालो होतो. वाडीत येऊन छाती काढून सांगितलं होतं, आता कुनापुढं वाकायचं नाय. आणि एका माणसाने डोळे वटारले, तर मान आपोआप खाली.

"नको रे, धुवू नको," आक्का म्हणत होती.

"साहेब रागावला तर लिवूनच घेनार नाय गो."

तिच्या हातातून मी गाठोडं ओढून घेतलं. सावित्रीच्या खडकावर लुगडं आपटलं. घासलं. डाग जाईपर्यंत.

ओलं लुगडं समोर धरलं, तर हवालदार म्हणाला, "यावर काय दिसतंय? पुरावा कुठाय?"

आक्काने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

हवालदाराने कागद पुढे टाकला. "तिचा अंगठा घे. खाली तुझी सही."

मी वाचला. आक्काच्या तोंडी लिहिलं होतं: लाकूड चोरताना हटकलं, त्या रागाने मी खोटी तक्रार केली. आता ती मागे घेते.

पुन्हा मोठ्याने वाचला. ओटीवरच्यांना ऐकू जाईल असा, शब्द न् शब्द. मग म्हणालो, "सही करनार नाय. आन् तिचा अंगठाबी मिळनार नाय."

त्याने कानाखाली मारली. त्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं.

फिर्याद नोंदलीच नाही. खोताने आम्ही कसत असलेला जमिनीचा तुकडा काढून घेतला. आक्का मुंबईला गिरणीत गेली. माझ्याशी कामापुरतं बोलते. त्या दिवसाबद्दल एकदाच बोलली, "त्यानं केलं त्ये केलं. पन पुरावा तू बुडवलास."

ती खोटं बोलत नव्हती.

मी अर्ज लिहितो. मामलेदाराला, जिल्ह्याच्या साहेबाला. दरवेळी मुंबईला जाऊन आक्काला वाचून दाखवतो, मगच ती अंगठा उठवते. दोन अर्ज परत आले. बाकीच्यांचं उत्तर नाही. पहिल्या ओळीत लिहितो, पुरावा मी नष्ट केला, हवालदाराच्या हुकमाने. दुसऱ्या ओळीत खोताच्या पुतण्याचं नाव. बापाच्या नावासकट, गावासकट.

वाडीतले म्हणतात, "निदान नाव तरी गाळ रे. जाळतील आपल्याला."

गाळणार नाही.