मामांच्या पिकअपचा ताप

जगात काहीही बिघडलं तरी ते आधी हाताला गरम लागतं, यावर आमच्या हिच्या मामांचा जेवढा विश्वास आहे, तेवढा कुणाचा देवावरही नसेल. नोकरीतून सुटल्यावर माणसं गुडघे सांभाळतात. यांनी एक जुनी पिकअप घेतली आणि मामींना शेजारी बसवून चेण्याच्या नर्सऱ्यांमधून रोपं-कुंड्या आणून जेसल पार्क वसाहतीतल्या बाल्कन्यांना पुरवायला लागले. तेव्हापासून समोर येईल त्याला उलटा हात लावून बघायची त्यांना सवयच जडली. फ्रिज, मोबाइल, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, कुणाची सुटका नाही. एका लग्नात तर ऐन अक्षतांच्या वेळी मामा गायब! शोधतो तो काय, स्वारी हॉलबाहेरच्या गाड्यांच्या रांगेत उकिडवी बसून एकेका चाकाला हात लावतेय आणि वॉचमन दंडुका घेऊन डोक्यावर उभा. "चोरी नहीं कर रहा बाबा, बुखार देख रहा हूँ," मामा त्याला समजावत होते. वर एका गाडीच्या मालकाला भर पंगतीत गाठून सांगितलं, "तुमचं डावं पुढचं चाक तापलंय. ब्रेक चिकटतोय. पण आधी जेवून घ्या."

जवळच काशीमिऱ्याला पावलापावलावर गॅरेज, पण स्वतःच्या पिकअपला दुसऱ्याचा पाना लागू देतील तर शपथ. आता ब्रेकमधली हवा काढणं हे काही एकट्याचं काम नाही. एकाने गाडीखाली झोपून चाकाजवळचा स्क्रू ढिला करायचा, दुसऱ्याने वर बसून पेडल दाबून धरायचं. स्क्रू परत आवळण्याआधी वरच्याने पाय उचलला की हवा पुन्हा आत, सगळं मुसळ केरात. ती वरची जागा मामींची. शेजारच्या सीटवर ताट ठेवून मटार सोलत बसायच्या. खालून मामा ओरडायचे, "धर!" वरून उत्तर, "धरलंय हो! जन्मभर तेच करतेय." अख्खी बिल्डिंग हसायची. पण मामींचा पाय कधी वेळेआधी उचलला गेला नाही.

गेल्या थंडीत मामी गेल्या. पिकअप खाली उभीच राहिली, टपावर कबुतरांनी संसार मांडला. मामा कशालाच हात लावून बघेनासे झाले, ते मला जास्त लागलं. पुण्याहून लेक फोनवर सांगायची, "बाबा, काढून टाका ना ती आता." शेवटी बापलेकीचं ठरलं, की आरटीओच्या पासिंगला, म्हणजे तपासणीला, ब्रेक नीट निघाले तर गाडी राहील, नाहीतर भंगारात जाईल. पासिंगच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळीच मामांचा फोन. "जावईबापू, वेळ आहे का? एक चक्कर मारायची होती."

काशीमिऱ्यापर्यंत जाऊन आलो. कुणी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी पुढे सरकायला नाखूश. परत आल्यावर मामांनी चारही चाकांना उलटा हात लावला. पुढच्या डाव्या चाकाशी हात झटकन मागे. "सापडलं!" त्यांचा तो चेहरा मी कितीतरी महिन्यांनी बघत होतो. जॅक लावून चाक फिरवलं, फिरेना. मग तो स्क्रू जरासा सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक गरागरा सुटलं. "ब्रेक बरा आहे हो," मामा म्हणाले. "ही रबरी नळी आतून फुगलीय. तेल जातं, परत येत नाही." नवी नळी आणून बसवली. आता राहिली हवा. मामा माझ्या नजरेला नजर देईनात. "तुम्हाला कसं सांगायचं... जावई माणूस तुम्ही."

"मामा, झोपा खाली," म्हटलं आणि वर चढून बसलो.

पण जावयाशी बोलायचं म्हणजे सगळं अदबीनं! "जावईबापू, तेवढं पेडल जरा दाबून धरता का? तसदी देतोय." एवढं होईपर्यंत माझा पाय अवघडलेला. मग "आता सोडायची मात्र घाई..." असं काहीसं सुरू झालं, की मी पाय उचलून मोकळा. हवा आत! पुन्हा पहिल्यापासून. खालून मामा "असू दे, असू दे" म्हणायचे. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याचा उद्धार झाला असता. मीही वैतागलो होतो. अहो, मला शिव्या घाला, पण थोडक्यात बोला!

आणि मग खालून, अगदी सहज, आवाज आला. "धर. धर हं, सोडू नकोस."

ते माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "धरलंय हो."

खाली पाना थांबला. माझी पोटरी भरून आली, पण पाय उचलायची काय छाती होती माझी! मग पाना फिरला, स्क्रू आवळला गेला. "सोडा, जावईबापू," मामा म्हणाले.

पासिंग झालं. पिकअप राहिली, चेण्याहून पुन्हा रोपंही यायला लागली. तरी अधूनमधून रविवारी फोन येतोच, "ब्रेक परत चिकटतोय वाटतं." मी जातो. चारही चाकांना उलटा हात लावून बघतो, थंडगार असतात. मामांना काय ते माहीत नसतं? पण ते पाना घेऊन खाली शिरलेले असतात. मी मुकाट्याने चप्पल काढून वर बसतो, पेडलवर पाय ठेवतो आणि खालून हाक यायची वाट बघतो.