डाव्या बोटाची पट्टी

आमच्या विधानसभा मतदारसंघात उभा राहणारा उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, निवडणुकीचे पंधरा दिवस तो मराठी बोलतो. निदान 'राम राम काका, तब्येत कशी' एवढं तरी पाठ करून येतो. सुरतच्या या भागात गल्ल्याच्या गल्ल्या खानदेशी, तेव्हा न बोलून सांगतो कुणाला? निकाल लागला की मराठी संपली. मला या नाटकाची चीड यायची. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधीच आली नाही. पंधरा दिवस का होईना, दारात तर येतो, असं त्यांचं म्हणणं.

अण्णांनी उभी हयात लूमखात्यात, कापडाच्या यंत्रमागांवर काढली. लूमच्या खडखडाटानं एक कान गेला. खात्यात ते 'महाराष्ट्रवाला' होते आणि नंदुरबारजवळच्या आमच्या गावी गेले की 'सुरतवाले'. भाड्याच्या खोल्या बदलता बदलता सुरतचा पत्ता असलेला पहिला कागद त्यांच्या हाती आला, तो म्हणजे निवडणुकीचं कार्ड. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवलेलं असे. मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी घालून अण्णा शाळेचं फाटक उघडायच्या आधी हजर. त्या दिवशी तू कुठला, असं त्यांना कोणी विचारत नसे. त्यांना मत देण्यापेक्षा हेच जास्त आवडत असावं.

मी पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. मतदार यादीचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडतं, तसं माझ्याही पडलं, आणि वाट्याला आला तो नेमका माहेरच्या गल्लीचा भाग. घरोघर जायचं, यादीतला माणूस तिथे राहतो का ते पाहायचं, नसेल तर नाव काढण्याचा फॉर्म भरायचा. मी कामाला चोख, आणि त्याचा मला जरा जास्तच माज होता.

मागच्या निवडणुकीच्या आदल्या हिवाळ्यात मी मायच्या शेजारणीच्या दारात उभी होते. तिची सून बाळंतपणाला गावी गेलेली, मग तिकडेच राहिलेली. मी विचारलं, कधी येणार? शेजारीण म्हणाली, काय माहीत. मी सुनेच्या नावापुढे गुजरातीत 'स्थळांतर' लिहिलं आणि फॉर्म काढला.

शेजारीण भडकली. "मन्ही सूननं नाव खोडस. मंग तुन्हा बाप बी तं दिवाळीपाईन गावले शे. त्यानं नाव खोडी दखाड!"

गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. ती खोटं बोलत नव्हती. माझ्या मोठ्या काकांना लकवा झाला होता, त्यांचं करणारं कोणी नव्हतं, म्हणून अण्णा दिवाळीपासून गावी होते. मी म्हणायला हवं होतं की माझे वडील परत येणार आहेत, आणि तुझी सूनही येईल, दोघांचीही नावं राहू देत. नियमात ते बसत होतं. पण सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या आणि माझं डोकं तापलं. तिथल्या तिथे दुसरा फॉर्म काढून मी अण्णांचं नाव लिहिलं, खाली सही ठोकली आणि शेजारणीच्या नाकासमोर धरला. माय आपल्या दारात उभी राहून पाहत होती. शेजारीण आत निघून गेली. मला वाटलं, जिरवली.

होळीच्या सुमाराला काका गेले आणि अण्णा परत आले. मी त्यांना हसत हसत सगळं सांगितलं. म्हटलं, काळजी नको, नवीन नावाचा फॉर्म भरते, फक्त फोटो काढून आणा. ते दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत गेले. फोटोवाल्यानं टोपी काढायला लावली, कारण फॉर्मवर उघड्या डोक्याचा फोटो लागतो. अण्णांचा तसा फोटो त्याआधी कधी निघाला नव्हता, जुन्या कार्डावरही टोपीच. कपाळावर टोपीची रेघ, तिच्यावरचा भाग गोरा. आम्ही त्यांची खूप चेष्टा केली. फोटो मी माझ्या रजिस्टरमध्ये ठेवले.

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या कितीतरी लोकांचे फॉर्म मी भरले. शेजारणीची सून परत आली, तिचाही भरला. अण्णांचाही भरला, असं मला वाटत राहिलं. परक्यांचं काम राहिलं तर ते दारात येऊन ओरडतात. घरचं माणूस ओरडत नाही.

निवडणूक आली. घरोघर वाटायच्या मतदार-चिठ्ठ्यांतलं त्या गल्लीचं पुडकं मी घाईघाईत शेजारणीच्याच हाती दिलं आणि पुढे गेले. मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर यादी घेऊन टेबलाशी बसले. सकाळपासून ज्यांची नावं नव्हती ते माझ्यावर तुटून पडत होते. एक जण तर म्हणाला, "बेन, तुम्हारी नौकरी जायेगी." त्या गर्दीच्या मागे मला अण्णांची पांढरी टोपी दिसली. मी हात वर करून तीन बोटं दाखवली, म्हणजे तीन नंबरच्या खोलीत जा. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग मान हलवून गेले. मी पुढच्या माणसाचं नाव शोधायला लागले.

मतदान झालं की माहेरी ओट्यावर बसायचं, मायच्या हातची शेवभाजी खायची आणि सगळ्यांनी शाईची बोटं एकत्र धरून फोटो काढायचा, ही आमच्या घरची रीत. त्या दिवशी अण्णांच्या डाव्या तर्जनीला धडुत्याच्या चिंधीची पट्टी होती.

"हे काय?"

"काही नही, बेटा. शाळाना फाटकना पत्रा लागना."

"आजच लागायचं होतं का? आणि शाई?"

"आधी शाई, मंग पत्रा. पट्टीना खाल शे."

आम्ही पोट धरून हसलो. फोटोत आमची शाईची तीन बोटं, माझं, नवऱ्याचं आणि मायचं, आणि मध्ये अण्णांचं पट्टीचं. तो फोटो मी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'जखमी मतदार'. खूप जणांनी हसरी तोंडं पाठवली.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. दिवसकार्यात, गंधमुक्तीच्या दिवशी पाटावर ठेवायला फोटो हवा होता. घरात होते ते सगळे लग्नातले, गर्दीतले, आणि कार्डावरचा पार पुसटलेला. माय म्हणाली, फॉर्मसाठी काढला होता तो तुझ्याकडे असेल.

रजिस्टर उघडलं. मागच्या कव्हरमध्ये नवीन नावाचा फॉर्म होता. वर टाचणीनं लावलेले दोन्ही फोटो. फॉर्मवर अण्णांचं नाव होतं, जन्मसाल होतं, आणि त्याखाली सगळं कोरं. मी तो हातात घेऊन बसले. आधी मला वाटलं, हा जास्तीचा असेल, खरा दिला असेल. मग पट्टी आठवली.

मी मायला विचारलं. ती भाकरीचं पीठ मळत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं. तीन नंबरच्या खोलीत ते आधीच जाऊन आले होते, तिथे नाव नाही म्हणाले, म्हणून तुझ्याकडेच यायला निघाले होते. तुझ्याभोवतीची माणसं बोलत होती ते त्यांच्या चांगल्या कानानं ऐकलं आणि घरी आले. धडुतं त्यांनीच फाडलं.

"पट्टी मीच बांधी दिधी," माय म्हणाली. "तुन्हा अण्णा बोलनात, पोरले सांगू नको. तिन्ही नोकरी जाई."

नोकरी काही जात नव्हती. एक फॉर्म राहिला म्हणून कोणाची नोकरी जात नाही. हे त्यांना सांगायला मी असते तर. पण मी टेबलाशी बसून बोटं दाखवत होते. 'तू कुठला' असं त्या एकाच दिवशी कोणी विचारत नाही म्हणून ज्या माणसानं इस्त्रीचा सदरा जपून ठेवला, त्याला मी माझ्या तोऱ्यासाठी खोडलं, आणि वर त्यानं घरी येऊन मला हसवलं. मी तेव्हाही रडले आणि आता लिहितानाही रडते आहे. रडण्यानं यादीत काही फरक पडत नाही.

या वर्षी पुन्हा यादी तपासायचं काम आलं. मयत माणसांची नावं काढायचे फॉर्म घेऊन मी गल्लीत फिरले. माहेरी काढायला नाव नव्हतं, ते माझ्या सहीनं आधीच निघालेलं. मायच्या ओळीत मात्र, तिच्या नावाखाली 'पतीचं नाव' असतं तिथे, अण्णा आहेत. माय आहे तोवर तिथून त्यांना मलाही काढता येणार नाही.

रजिस्टरमधला तो फोटो मोठा करून भिंतीला लावला आहे. दुसरा चांगला नव्हताच. गावाकडून कोणी आलं की हार पाहतं, मग चेहरा पाहतं, आणि हमखास विचारतं की डोक्यावर टोपी का नाही.

"फॉर्मना फोटो शे," माय सांगते.

कोणता फॉर्म, असं कोणी विचारलंच तर माय उठते आणि चहा ठेवायला आत जाते.